आकारामच्या गाडीची चेन

पारूबाईंनी अर्धा पेढा गालात सरकवला, उजवा हात वर केला आणि डोळे मिटले.

"थांबा," त्या म्हणाल्या. "आला."

शिवानीने टीव्हीचा आवाज बारीक केला. बायडाबाई परातीतल्या पिठात हात तसेच ठेवून कान देऊन बसली. आधी वाऱ्याखेरीज काही ऐकू येईना. मग डोंगराच्या पोटातून, तिसऱ्या वळणाकडून, तो आवाज वर आला. कट्-खर्र, कट्-खर्र. जात्यात कुणी खडे भरडावेत तसा.

घर कामाला लागलं. शिवानीने टीव्हीच्या मागची केबलची वायर उपटली आणि भिंतीवर दोन थापा मारल्या. पलीकडून शेजारच्या अंबूबाईने विहिरीतून दोर ओढावा तशी ती वायर खिडकीतून ओढून घेतली. शिवानीने इतिहासाचं पुस्तक उघडलं. पारूबाईंनी पेढ्यांचा पुडा जपमाळेच्या पिशवीत घातला आणि उरलेला अर्धा पेढा गिळून ओठ पुसले. डॉक्टरांनी त्यांना गोड बंद केल्याला वर्ष होऊन गेलं होतं. बायडाबाईने तवा चढवला. तिसऱ्या वळणापासून दारापर्यंत यायला गाडीला जेवढा वेळ लागायचा, तेवढ्यात या घराची सगळी कात बदलायची.

आकाराम आत आला तेव्हा पहिली भाकरी फुगत होती, मुलगी वाचत होती आणि म्हातारी माळ ओढत होती. त्याने डोक्यावरची टोपी काढून रोजच्यासारखी टीव्हीवर ठेवली आणि तो पाय धुवायला मागच्या दारी गेला. जाताना म्हणाला, "घर कसं शांत पायजे."

घर असं शांत झालं ते गेल्या जूनपासून. शिवानी नववीला गणितात गचकली आणि काठावर वर ढकलली गेली. निकालाच्या दिवशी आकाराम रागाने धुमसत देवळाच्या पायऱ्यांपाशी गेला. तिथे नारळवाले, फुलवाले, गुलाल-खोबऱ्याचे दुकानदार सगळे बसलेले. त्यांच्यासमोर त्याने मोठ्याने सांगून टाकलं की शिवानी दहावी पास होईपर्यंत माझ्या घरात केबल चालली तर नावाचा आकाराम नाही. जोतिबाच्या डोंगरावर असा शब्द दिला की तो देव ऐकतो. देव एखाद्या वेळी विसरेलही. दुकानदार विसरत नाहीत. दुसऱ्याच दिवसापासून त्याला येता-जाता लोक विचारू लागले, "काय आकाराम, दूरदर्शनच्या बातम्याच बघताय न्हवं?" तो मान हलवायचा. आपल्याच शब्दात असा अडकलेला माणूस डोंगरावर तरी दुसरा नव्हता.

आता म्हातारीच्या गुडघ्यांना अंबूबाईचा उंबरा चढवत नव्हता, आणि संध्याकाळच्या मालिकेतली सून तर रोज नव्या संकटात सापडत होती. म्हणून अंबूबाईची वायरच खिडकीतून इकडे येऊ लागली. मोबाईल अजून डोंगर चढले नव्हते. आकाराम कधी येईल हे सांगणारी या घरात एकच वस्तू होती, ती म्हणजे त्याच्या मोटारसायकलची चेन.

आकाराम डोंगरावरच्या दुकानांना गुलाल आणि खोबरं पुरवायचा. सकाळी रिकामा खाली उतरायचा, कोल्हापुरात पेठेत माल घ्यायचा आणि दिवेलागणीच्या आत पोती लादून घाट चढायचा. गाडी इतकी धावली होती की तिच्या मीटरचा एक फेरा पुरा होऊन आकडे पुन्हा शून्यापासून निघाले होते, आणि आकाराम लोकांना सांगायचा की गाडी अजून नवीच हाय, मीटर बघा की. चेनवरचं झाकण कधीच फुटून गेलं होतं. पोत्यातून झिरपलेला गुलाल उघड्या चेनवर पडायचा. दुसऱ्या कुणी तो पुसला असता. आकाराम पुसत नसे. देवाचा गुलाल, त्याला फडकं कसं लावायचं? चेन कोरडी वाटली की तो त्या गुलालावरच तेलाची धार सोडायचा आणि कपाळाला हात लावायचा. त्यामुळे त्याची चेन काळी नव्हती. ती गुलाबी होती. सगळ्या पंचक्रोशीत तशी चेन दुसरी नव्हती, आणि तसा आवाजही.

त्या दिवशी जेवताना आकारामने भाकरीचा तुकडा मोडला आणि सहज सांगावं तसं सांगितलं की केर्लीचा श्रीशैल चेन बदल म्हणतोय. घाटात आज दोनदा सटकली.

श्रीशैल हा मूळचा गडहिंग्लजकडचा मेस्त्री. डोंगराच्या पायथ्याला, केर्लीच्या फाट्यावर त्याचं गॅरेज होतं. हात चांगला होता, पण त्याचं तोंड एकाच गोष्टीवर अडकलेलं. कुणी नुसती हवा भरायला गेलं तरी तो खाली वाकून म्हणायचा, "चेनसेट बदलायला पाहिजे बघा." एकदा म्हणे त्याने उसाच्या ट्रॅक्टरवाल्यालाही तसंच सांगितलं होतं. त्यामुळे त्याचं म्हणणं कुणी मनावर घेत नसे.

"कशाला?" शिवानी ताटातून मान वर न काढता म्हणाली. "चांगली हाय की, आण्णा."

"लोखंड हाय. आवाज करायचंच," पारूबाई मुलाला म्हणाल्या. "तुझा बा बी चालताना आवाज करायचा. त्येला बदलला का कुणी?"

आकारामने बायकोकडे पाहिलं. या घरात मिठापासून मुहूर्तापर्यंत एका गोष्टीवर कधी तिघींचं जुळलं नव्हतं.

"तुझं काय?"

बायडाबाईने तव्यावरची भाकरी उलटली. दोनदा सटकली हे शब्द तिच्या कानात जाऊन बसले होते. आज आवाज वळणावर मध्येच थांबला होता आणि पुन्हा सुरू झाला होता, हे तिच्या लक्षात आलं होतं. त्या थांबण्यात तिने मालिकेतली सून शेवटी दार उघडते का एवढं बघून घेतलं होतं.

"चांगली हाय की," ती म्हणाली.

"मग ऱ्हाऊ दे," आकाराम म्हणाला आणि पुन्हा जेवू लागला. ती भाकरी करपली. बायडाबाईने ती स्वतःच्या ताटात घेतली.

पुढचे काही दिवस तिचा एक कान मालिकेकडे आणि एक घाटाकडे असायचा. आवाज आला की वायरीचा विचार मागून यायचा. आधी यायचा तो, आला बाई एकदाचा, असा. मग कट्-खर्र जरा थांबला की तिच्या हातातलं पीठ थांबायचं. हे असं बसल्यापेक्षा एक दिवस स्पष्ट सांगून टाकावं असं तिच्या मनात येई, आणि तेवढ्यात पारूबाईंचं बिनदातांचं हसू दिसे. म्हातारीला दिवसाकाठी तेवढाच विरंगुळा. शिवानीही, खरं सांगायचं तर, टीव्ही लपून बघताना कान टवकारून गणितं सोडवायला शिकली होती आणि चाचणीत पासही झाली होती. चेन एवढी सगळ्यांना धरून होती. तिला हात लावायचा कसा?

संक्रांत झाली. बायडाबाईच्या माहेरी, मलकापूरला, भाच्याचं लग्न निघालं. कापडं आणायला ती सकाळच्या एसटीने कोल्हापूरला उतरली, आणि परतीच्या वेळी एसटीत पाय ठेवायला जागा मिळाली नाही. आकाराम पेठेत माल भरत होताच. मागच्या कॅरियरवर खोबऱ्याचं पोतं, मधे बायडाबाई एका बाजूला पाय सोडून, तिच्या मांडीवर गुलालाचं अर्धं पोतं आणि पोत्यावर लग्नाची कापडं, अशी ती गाडी ऊन उतरायच्या आधी निघाली.

घरी दारातून ऐकलेला आवाज आणि बुडाखाली ऐकलेला आवाज यांत फार फरक असतो. सपाट रस्त्यावर गाडी उड्या मारल्यासारखी चालत होती. जरा ओढायची, जरा सैल सोडायची. बायडाबाईने विचारलं की ही अशीच चालती का. आकाराम म्हणाला, अशीच चालती, सवय हुती. घाट लागला. पहिलं वळण पार पडलं. दुसऱ्या वळणाच्या चढाला आकारामने गिअर बदलला, इंजिन गरजलं, आणि गाडी पुढे जायच्या ऐवजी होती तिथेच उभी राहिली. पायाखालून कडकड असा आवाज आला. मग काहीच नाही. मग गाडी मागे सरकू लागली.

"उतर!" आकाराम ओरडला.

ती उतरली असं म्हणता येणार नाही. गाडी मागे चालली होती, डाव्या हाताला दगडी कठडा होता, आणि कठड्यापलीकडे केर्लीची घरं काडेपेटीएवढी दिसत होती. बायडाबाईने पोत्यासकट कडेच्या गवतात उडी टाकली. आकारामने पुढचा ब्रेक दाबून, दोन्ही पाय जमिनीवर घासत गाडी धरली. मागचं चाक कठड्याला टेकलं आणि थांबलं. खोबऱ्याचं पोतं कठड्यावर जाऊन असं बसलं, जसं ते मुद्दाम खाली बघायला बसलंय.



मग आकारामने मान वळवून बायकोकडे पाहिलं. गुलालाचं पोतं फुटलं होतं. बायडाबाईचे केस, भुवया, नाकातली नथ, नवी कापडं, सगळं गुलाबी झालं होतं. त्या गुलाबी चेहऱ्यात दोन डोळे तेवढे उघडझाप करत होते.

"लागलं काय?" त्याने विचारलं. 

"न्हाई," ती म्हणाली, आणि शिंकली.

वरून एक जीप उतरत होती. तिच्यातले यात्रेकरू तिला बघून हात जोडून "चांगभलं" म्हणाले. बायडाबाईनेही सवयीने म्हटलं. पण तिची नजर त्या मागच्या चाकावरून आणि कठड्यावरून हलत नव्हती. चेन खाली रस्त्यावर, गाडीच्या पोटाखाली लोंबत पडली होती.

गाडी उताराने तशीच न्यूट्रलमध्ये खाली आणली. आकाराम हँडल धरून चालत होता, बायडाबाई मागून पोतं सावरत. केर्लीच्या फाट्यावर श्रीशैल स्टुलावर चहा पीत बसला होता. त्याने आधी बायडाबाईकडे पाहिलं, मग गाडीकडे, मग बशी खाली ठेवली.

"अक्का, यात्रा चैत्रात असतीय," तो म्हणाला.

"हसू नगा," बायडाबाई म्हणाली. "बघा आधी काय झालंय ते."

श्रीशैलने चेन पुन्हा चढवली, गाडी मधल्या स्टँडवर घेतली आणि तिला जवळ बोलावलं. तो कुणालाही समजावून सांगायला एका पायावर तयार असायचा. ऐकणारं माणूसच त्याला कधी मिळत नव्हतं. मागच्या दातेरी चक्राच्या पार मागच्या टोकाला, जिथे चेन वळून परत फिरते, तिथे त्याने चेन दोन बोटांत धरली आणि मागे ओढली. चेन चक्रापासून सुटून वर आली. तिच्याखालून पलीकडची भिंत दिसली.

"नवी असली तर हितनं उजेड दिसायला नको," तो म्हणाला. "घट्ट बसाया पाहिजे, तान्हं पोर आईला बसतंय तसं. आता हे दात बघा."

बायडाबाई वाकली. दात सरळ नव्हते. सगळे एकाच बाजूला कलंडलेले, टोकाला आत वळलेले, खुरप्याच्या पात्यासारखे.

श्रीशैलने चाक हाताने फिरवलं. चेन एका ठिकाणी तंबोऱ्याच्या तारेसारखी ताणली जायची आणि अर्ध्या फेऱ्यात पोटात लोंबायची. सगळीकडे सारखी झिजली नव्हती. ताण द्यायचे नट पार शेवटच्या खुणेला जाऊन बसले होते. त्यापुढे ओढायला जागाच नव्हती. एकदा दोन कड्या काढून चेन आखूड केली होती, तीही वेळ निघून गेली होती. आणि गुलाल. तेलात कालवलेल्या गुलालाचा एक चिमूट त्याने बोटांत घेतला आणि तिच्या तळव्यावर चोळला. हात चरचरला.

"पालिश पेपर," तो म्हणाला. "ह्येनं दुधाचं भांडं घासलं तर भांडं न्हाई ऱ्हायचं. मालक देवाचं म्हणून पुसत न्हाईत, आन् देव म्हणतोय, अरे माझ्या नावानं चेन कशाला खातोयस."

आकाराम बाजूला उभा राहून खोबऱ्याचं पोतं पुन्हा बांधत होता. 

"मग नुसती चेन टाकली तर?" बायडाबाईने विचारलं.

"मागं तेच केलं न्हवं का. नवी चेन, जुनी चक्रं." श्रीशैलने पुढचं छोटं चक्र झाकणाआडून दाखवलं. तेही तसंच वाकलेलं. "नवी सून आणायची आन् सासू-सासरे हाईत तसंच ठेवायचे. सहा महिन्यांत सून बी तशीच वाकडी हुती. बदलायचं तर तिन्ही एकदम."

पारूबाई इथे नव्हत्या हे बरं झालं, असं बायडाबाईला वाटलं.

"मग आदी का न्हाई सांगितलं?" ती म्हणाली.

श्रीशैल एकदम उभा राहिला. आयुष्यात पहिल्यांदाच त्याच्यावर हा आळ येत होता. "म्या न्हाई सांगितलं? अक्का, सेट दसऱ्यालाच आणून ठेवलाय मी, ह्यो बघा." त्याने फळीवरून धूळ बसलेला खोका काढला. "दर खेपेला मालक म्हणत्यात, थांब, घरच्यांस्नी इचारतो. दुसऱ्या दिवशी येऊन म्हणत्यात, घरची म्हणत्यात चांगली हाय."

बायडाबाई नवऱ्याकडे बघत राहिली. लग्न झाल्यापासून या माणसाने घरी विचारून काही केल्याचं तिला आठवत नव्हतं. गाडी घेतली ती न विचारता. केबल तोडली ती न विचारता. चेनचंच काय ते विचारलं होतं, आणि तेही एकदा नव्हे. विचारलं तेव्हा त्यांनी काय सांगितलं, ते तिला चांगलंच आठवत होतं.

तिने पदराने तोंड पुसलं. गुलाल आणखीनच पसरला.

"तिन्ही बदला," ती म्हणाली.

आकाराम दोरीची गाठ मारायचा थांबला.

"बघ हं, बायडे," तो म्हणाला. "आवाज बंद हुईल मग."

ती जरा दचकली. त्याच्या चेहऱ्यावर काही नव्हतं; तो पोत्याकडे बघत होता. आवाज म्हणजे गाडीचा आवाज, दुसरं काय असणार, असं तिने स्वतःला सांगितलं. मग तिच्या डोळ्यांपुढे पारूबाईंचा वर केलेला हात आला, आणि त्याच्यामागे कठड्याला टेकलेलं चाक.

"हुईना," ती म्हणाली. "बदला तुमी."

श्रीशैलने बाह्या वर केल्या. पुढे बराच वेळ तो शिट्टी वाजवत काम करत होता. आयुष्यभर तो जे सांगत आला होता ते आज कुणीतरी ऐकलं होतं. निघताना त्याने आकारामच्या हातात एक फडकं ठेवलं आणि म्हणाला की ह्ये बी देवाचंच समजा, रोज चेन पुसत जावा.

गाडी घाट चढू लागली. पहिलं वळण, दुसरं वळण. कठड्याजवळ दोघांनीही मान दुसरीकडे वळवली. गाडी लोण्यातून सुरी जावी तशी चालली होती. बायडाबाईला पहिल्यांदाच घाटातले पक्षी ऐकू आले, खाली कुठेतरी गुऱ्हाळ चालू होतं ते ऐकू आलं, आणि स्वतःची छाती धडधडतेय तेही. कारण तिसरं वळण जवळ येत होतं, आणि घरी या वेळेला मालिका ऐन रंगात आलेली असणार होती.

म्हातारी हात वर करणार नव्हती. कारण काही ऐकूच येणार नव्हतं. नवरा दारातून आत जाईल तेव्हा टीव्हीत ती सून रडत असेल, पारूबाईंच्या तोंडात पेढा असेल आणि खिडकीत अंबूबाईची वायर असेल. एवढ्या लोकांसमोर दिलेला शब्द, आणि तो त्याच्याच घरात, त्याच्याच डोळ्यांसमोर मोडलेला.

"हॉर्न वाजवा की," ती म्हणाली.

"कशाला? रस्त्यावर कुत्रं न्हाई."

आकाराम हॉर्न वाजवत नसे. त्याने बॅटरी खाल्ली जाते अशी त्याची पक्की समजूत होती.

बायडाबाई खोकली. मग जोरात खोकली. मग म्हणाली की इथे जरा थांबा, मला देवाला हात जोडायचेत. आकाराम म्हणाला, देव वर हाय, घरी जाऊन जोड. वळण आलंच. बायडाबाईने डोळे मिटले, घसा मोकळा केला आणि अंगात होता नव्हता तेवढा जोर काढून ओरडली, "जोतिबाच्या नावानं चांगभलं!"

समोरून चालत येणारी पाच-सहा माणसं त्या गुलाबी बाईकडे बघून एका सुरात म्हणाली, "चांगभलं!" त्यांचा आवाज डोंगरावर घुमला. आणि तेव्हा बायडाबाईच्या ध्यानात आलं की या डोंगरावर चांगभलं ऐकून कुणी टीव्ही बंद करत नाही. दिवसभर कुणी ना कुणी ओरडतच असतं. पारूबाईंनी फार तर हात जोडले असतील, आणि पुन्हा मालिकेतल्या सुनेकडे बघायला लागल्या असतील.

तिने आकारामच्या पाठीवर कपाळ टेकलं. आता जे होईल ते होईल.

गाडी वळणावर हळू झाली. आकारामने उजवीकडे बघितलं, डावीकडे बघितलं. रस्त्यावर खरंच कुत्रंसुद्धा नव्हतं. मग त्याने अंगठा हॉर्नवर ठेवला आणि दाबला. लांब, एकसारखा, सोडायची घाई न करता. थांबला. पुन्हा दाबला.

बायडाबाईने कपाळ पाठीवरून उचललं.

"वाजतोय की," आकाराम म्हणाला. "मला वाटलं खराब झाला."

दारापुढे गाडी लावल्यावर तो आत गेला नाही. नवी चेन बघायला म्हणून खाली बसला. नव्या चेनमध्ये बघण्यासारखं काही नव्हतं, तरी तो एकेक कडी बघत बसला.

बायडाबाई धावतच आत शिरली. टीव्ही चालू होता. शिवानी आणि पारूबाई जागच्या हलल्या नव्हत्या.

"हॉर्न ऐकला न्हाईसा?" ती दबक्या आवाजात म्हणाली.

"ऐकला की," पारूबाई म्हणाल्या. "पर आपला आकाराम हॉर्न कुठला वाजवतोय. ह्यो कोण तर जीपवाला..." मग त्यांनी सुनेकडे नीट पाहिलं, तोंडातला पेढा तसाच ठेवून हात जोडले आणि म्हणाल्या, "आगं बाई, कुठल्या देवीचं वारं आलंय अंगात?"

"उठा. दारात हाय."

शिवानीने वायर उपटली. भिंतीवर थापा पडल्या. खिडकीतून वायर सरकत गेली आणि शेवटी खिळ्याला अडकली. अंबूबाईने पलीकडून दोन हिसडे दिले तेव्हा कुठे निघाली. बाहेरून आकारामचा आवाज आला. तो सगळ्या गल्लीला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने कुणाला तरी सांगत होता की आज आधी पाय धुतो, मगच आत येतो. बाहेर दुसरं कुणी नव्हतं.

तो आत आला तेव्हा शिवानीच्या मांडीवर इतिहासाचं पुस्तक होतं, जरा उलटं. पारूबाईंची माळ जोरात चालली होती. बायडाबाईने पीठ मळायला घेतलं होतं. गुलालाचे हात धुवायचं तिला सुचलं नव्हतं.

आकारामने टोपी काढली आणि टीव्हीवर ठेवली. या वेळी हातही तिथेच राहिला, तळवा खाली करून, पोराचा ताप बघावा तसा.

"जूनपासनं टोपी हितंच ठेवतोय मी," तो म्हणाला. "थंडीच्या दिसात लई बरं पडतंय. डोस्कं ऊबदार ऱ्हातंय."

पारूबाईंची माळ थांबली. शिवानीने पुस्तकाचं पान उलटलं आणि मग पुस्तक सरळ केलं. बायडाबाई परातीकडे बघत होती. दसऱ्यापासून फळीवर पडून राहिलेला खोका तिला आठवला, आणि त्याच्यावर बसलेली धूळ.

तिने तवा चढवला. पहिली भाकरी गुलाबी झाली. आकारामने ती हातात घेऊन उलटीपालटी करून पाहिली, देवाचा प्रसाद म्हणाला आणि खायला बसला.

"गाडीला आता आवाज न्हाई," दोन घास झाल्यावर तो भाकरीला सांगावं तसं म्हणाला. "वळणावर हॉर्न वाजवीत जाईन म्हणतो. लांब दोनदा. कुत्रं-मांजर आडवं येतंय."

"येत्यात की," बायडाबाई म्हणाली.

दुसऱ्या भाकरीवर तिने न विचारता लोण्याचा गोळा ठेवला. पारूबाईंनी माळ पिशवीत ठेवली, त्याच पिशवीत जरा चाचपलं, आणि एक पेढा काढून मुलाच्या ताटाच्या कडेला ठेवला.